"माझें कांहीं बुडालें काय?" : एका कवितेचें रसग्रहण

पावसाळ्यांतील सोमवार म्हणजे शाळेच्या हजेरीपटाला लागणारें ग्रहणच होय. शनिवारीं दुपारीं गांवीं गेलेलीं मुलें ओढ्याला पाणी आलें म्हणून, एस. टी. चुकली म्हणून, भाताची लावणी निघाली म्हणून, अथवा नुसता पाऊस पडत होता म्हणून सोमवारीं परत येत नाहींत. मंगळवारीं प्रार्थना आटोपून शिक्षक वर्गांत पाऊल टाकतात, तों टेबलापाशीं दोन-तीन मुलें उभीं असतात. एकाच्या हातांत वडिलांची चिठ्ठी असते, दुसऱ्याच्या हातांत कांहींच नसतें, पण तोंडचा प्रश्न मात्र सर्वांचा एकच असतो : "सर, काल कांहीं झालं का?"

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नसतें. काल गृहपाठ दिला काय, चांचणी झाली काय, एखादी सूचना निघाली काय, एवढेंच त्याला हवें असतें. शिक्षकही बहुधा "कोणाची तरी वही पाहून घे" असें सांगून फळ्याकडे वळतात आणि प्रश्न तेथेंच मिटतो. पण तो मिटतो तो वरवर. ज्यानें आदल्या दिवशीं चाळीस मिनिटें उभें राहून, घसा कोरडा करून, एखादी अवघड गोष्ट सोपी करण्याची खटपट केली असेल, त्याच्या कानाला "काल कांहीं झालं का" हे चार शब्द कसे लागत असतील, याची कल्पना बाकावर बसणारास सहसा येत नाहीं. कॅनडा देशांतील एका कवि-शिक्षकानें ती कल्पना एका लहानशा कवितेंत करून दिली आहे. त्या कवितेचा अर्थ या अंकाच्या वाचकांपुढें उलगडून ठेवावा, असें पुष्कळ दिवसांपासून मनांत होतें.

कवीचें नांव टॉम वेमन. त्यांचा जन्म १९४५ सालीं ऑन्टारिओ प्रांतांतील हॉक्सबरी या गांवीं झाला. बालपण मात्र पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, प्रिन्स रूपर्ट या बंदराच्या गांवीं आणि पुढें व्हँकूव्हर शहरांत गेलें. १९६६ सालीं व्हँकूव्हर येथील विद्यापीठाची पदवी घेऊन व १९६८ सालीं कॅलिफोर्नियांत पुढील शिक्षण पुरें करून ते अध्यापनाकडे वळले. परंतु वेमन हे केवळ पुस्तकी अध्यापक नव्हेत. त्यांनीं ट्रक जोडण्याच्या कारखान्यांत अंगमेहनतीचें काम केलें, आणि माणूस दिवसाचे आठ तास ज्या कामांत घालवतो तें काम कवितेंत कां येऊं नये, असा आग्रह जन्मभर धरला. निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांनीं आपापल्या कामावर लिहिलेल्या कवितांचा 'गोइंग फॉर कॉफी' हा संग्रह त्यांनीं १९८१ सालीं संपादून प्रसिद्ध केला. कामाचा हा कवि शिकवण्याच्या कामाकडेही त्याच दृष्टीनें पाहतो, ही गोष्ट पुढें आपल्याला उपयोगीं पडेल.

प्रस्तुत कवितेचें नांव 'डिड आय मिस एनिथिंग?' असें आहे. १९९३ सालीं निघालेल्या त्यांच्या निवडक कवितांच्या संग्रहालाही हेंच नांव दिलेलें आहे. पुढें ती फार लोकप्रिय झाली, विशेषतः शिक्षकांमध्यें. २००१ ते २००३ या काळांत अमेरिकेचे राजकवि असलेले बिली कॉलिन्स यांनीं तेथील हायस्कुलांसाठीं एक योजना आंखली होती. शाळेच्या वर्षांत सुमारें १८० दिवस भरतात. त्या प्रत्येक दिवशीं एक, अशा १८० कविता मुलांना नुसत्या वाचून दाखवाव्या, वर प्रश्नोत्तरें नकोत आणि टीपाही नकोत, अशी ती योजना. तींत ही कविता आहे. म्हणजे ज्या दिवशीं तिची पाळी येते त्या दिवशीं जो मुलगा घरीं राहील, त्याची गैरहजेरीवरील कविताच गैरहजेरीमुळें जावयाची! प्रस्तुत लेखाचा खटाटोप कॉलिन्स यांना मुळींच रुचणार नाहीं, हें मला ठाऊक आहे. पण परक्या भाषेंतील कविता आपल्याकडे आणावयाची तर थोडें उकलून सांगण्यावांचून गत्यंतर नाहीं.

प्रथम शीर्षकाकडेच पाहूं. त्यांतील 'मिस' या इंग्रजी क्रियापदाचा उपयोग गाडी चुकली, नेम हुकला, एखाद्या माणसाची उणीव भासली, अशा अनेक ठिकाणीं होतो. आपल्या मराठींत शाळेच्या संबंधांत जो शब्द रूढ आहे तो याहून पुष्कळ अर्थपूर्ण आहे, असें मला वाटतें. आपण 'शाळा बुडाली', 'तास बुडाला' असें म्हणतों. हाच शब्द आपण आणखी कोठें वापरतों? पेढी बुडाली, ठेव बुडाली, रोजची मजुरी बुडाली, सावकाराचें कर्ज बुडवलें! म्हणजे शाळेविषयीं हा शब्द ज्यानें कोणीं पहिल्यानें योजला, त्याला शाळेचा दिवस ही एक प्रकारची पुंजी वाटत असली पाहिजे. आणखी एक गंमत आहे. मुलगा म्हणतो, "सर, काल शाळा बुडाली." शिक्षक म्हणतात, "शाळा बुडवलीस." क्रियापदाचें रूप एवढेंसें बदलतांच दोष पाण्याकडून नावाड्याकडे जातो. म्हणूनच या कवितेच्या शीर्षकाचें मराठी मी 'माझें कांहीं बुडालें काय?' असें करतों. प्रश्न विद्यार्थ्याचा आहे, तेव्हां 'बुडवलें' हा शब्द त्याच्या तोंडीं शोभावयाचा नाहीं.

आतां रचना. विद्यार्थ्याचा प्रश्न शीर्षकांत येऊन संपतो. पुढें सबंध कवितेंत बोलतात ते एकटे शिक्षक. त्यांच्या बोलण्याचे सहा भाग आहेत. पहिल्या भागाचें उत्तर 'कांहींच नाहीं', दुसऱ्याचें 'सर्व कांहीं', तिसऱ्याचें पुन्हां 'कांहींच नाहीं', आणि याप्रमाणें आळीपाळीनें शेवटपर्यंत. प्रश्नांतला 'कांहीं' हा शब्द दोन्ही उत्तरांत कायम राहतो. इंग्रजी मूळांतही तीनही ठिकाणीं एकच शब्दांश आलेला आहे. पण एकाच प्रश्नाला दोन उलट उत्तरें कशीं असूं शकतील? नवीन वाचक येथेंच अडखळतो. दोन्ही उत्तरें शब्दशः घेतलीं तर दोन्ही खोटीं आहेत. कवि उपरोधानें बोलत आहे. उपरोध म्हणजे बोलावयाचें एक आणि सुचवावयाचें त्याच्या उलट. जेवावयास अर्धा तास उशिरां आलेल्या चिरंजीवांना आई म्हणते, "या, पंगत आपल्यासाठींच थांबली आहे!" आणि त्या वेळीं भांडीं घासावयास गेलेलीं असतात. या कवितेच्या पहिल्या पांच भागांत हीच आई निराळ्या वेषांत बोलत आहे असें समजावें.

पहिल्या भागांत शिक्षक सांगतात कीं, तुम्ही आलां नाहीं असें ध्यानांत येतांच आम्ही सर्वजण बाकांवर हाताची घडी घालून पुरे दोन तास मुकाट्यानें बसून राहिलों. (तेथील महाविद्यालयांत तास दोन तासांचाही असतो.) हें चित्र डोळ्यांपुढें आणून पाहा : शिक्षक स्तब्ध, खडू स्तब्ध, तीसचाळीस मुलें स्तब्ध, आणि सर्वांचें लक्ष एका रिकाम्या जागेकडे! हंसूं येतें तें या चित्राच्या अशक्यतेमुळें. पण हंसतां हंसतां ध्यानांत येतें कीं, प्रश्न विचारणाऱ्याच्या प्रश्नांत हीच अशक्य गोष्ट शक्य म्हणून गृहीत धरलेली आहे. "कांहीं झालं का?" असें विचारतांना "कदाचित् कांहींच झालें नसेल" ही आशा मनांत असतेच.

दुसऱ्या भागांत उत्तर फिरतें. सर्व कांहीं बुडालें! शिक्षक म्हणतात, सत्राच्या एकूण गुणांपैकीं ४० टक्क्यांची परीक्षा झाली, शिवाय घरीं वाचून आणावयास सांगितलें होतें, आणि त्या वाचनावर आतां या क्षणीं ५० टक्क्यांची चांचणी मी घेणार आहें. गणितांत हुशार असलेल्या मुलांनीं ताबडतोब बेरीज केली असेल : दोहों दिवसांत ९० टक्के गेले, सत्राच्या शंभरांपैकीं हातांत उरले दहा. ही धमकी अर्थातच खोटी आहे. कोणताही शहाणा शिक्षक असें करणार नाहीं. मग कवीनें ती कां घातली? माझ्या मतें तो विद्यार्थ्याला त्याच्याच नाण्यांत उत्तर देत आहे. "हें परीक्षेला आहे का?" एवढीच कसोटी लावून जो शिकण्याचा भाव ठरवतो, त्याला गुणांखेरीज दुसऱ्या कोणत्या भाषेंत 'सर्व कांहीं' समजावून सांगणार?

तिसरा भाग वाचतांना मात्र हंसूं थोडें कमी होतें. या विषयांत शिकण्यासारखें अथवा अर्थपूर्ण असें कांहींही नाहीं, हवे तितके दिवस रजा घ्या, वर्गांत आम्ही जें करतों त्याला हेतु नाहीं आणि त्याचें महत्त्व तुम्हांलाही नाहीं व मलाही नाहीं, असें शिक्षक म्हणतात. हाही उपरोधच. परंतु त्या 'मलाही' या शब्दापाशीं क्षणभर थांबावें. विद्यार्थ्याला टोंचावयाचें असतें तर 'तुम्हांला' एवढें पुरें होतें. स्वतःला त्यांत ओढून घेण्याचें कारण काय? शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या मनांत कधीं ना कधीं एक भीति डोकावून जाते, कीं आपण जें रोज करतों त्याला खरोखरच कांहीं अर्थ आहे काय? वर्षांमागून वर्षें तोच धडा, तीच उदाहरणें, आणि बाकांवर बदलते चेहरे. एरवीं ती भीति कामाच्या धांदलींत दडून बसते. रिकामी जागा आणि तो सहज विचारलेला प्रश्न तिला बाहेर काढतात. येथें कवि विद्यार्थ्याची थट्टा करीत असतांना स्वतःची जखम उघडी करतो, आणि माझ्या समजुतीनें सबंध कवितेंतील हें सर्वांत प्रामाणिक ठिकाण आहे. पालकांनीं हें वाचावें अशी माझी विशेष इच्छा आहे. कारण शिक्षकाला असें कांहीं वाटत असेल, अशी शंकाही आपल्या समाजांत फारशी कोणाला येत नाहीं.

चौथ्या भागांत कवि एकदम उंच उडी घेतो. मागच्या तासाला आरंभ होऊन थोडा वेळ होतो न होतो तोंच प्रकाशाचा झोत खालीं आला, कोणी देवदूत अथवा स्वर्गीय पुरुष प्रकट झाला, आणि इहलोकीं व परलोकीं दिव्य ज्ञान मिळवण्यासाठीं प्रत्येक स्त्री-पुरुषानें काय करावें तें त्यानें वर्गाला सांगितलें! आतां आम्ही आज शेवटचे एकत्र जमलों आहों. यापुढें सर्व पृथ्वीवर ही सुवार्ता सांगावयास आम्ही पांगणार. आमच्या शाळेंतील मुलांना हें वर्णन कोठून घेतलें आहे हें सांगावयास नको. सकाळच्या प्रार्थनेंत हे शब्द त्यांच्या कानांवरून नित्य जातात. अतिशयोक्ति येथें शिखराला पोंचली आहे. दुसऱ्या भागांत गुण बुडाले होते. येथें मोक्षच बुडाला!

येथें मला योहानाच्या शुभवर्तमानांतील एका गैरहजर शिष्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. प्रभु पुन्हां उठून शिष्यांस भेटला त्या संध्याकाळीं थोमा त्यांच्यांत नव्हता. इतरांनीं त्याला घडलेली हकीकत सांगितली, पण ऐकीव गोष्टीनें त्याचें समाधान झालें नाहीं. स्वतः पाहिल्याशिवाय मी मानणार नाहीं, असें तो म्हणाला. मित्राच्या वहीवरून तास भरून निघत नाहीं, याची तक्रार याहून जुनी क्वचितच सांपडेल. पुढें आठ दिवसांनीं गुरु त्या एकासाठीं पुन्हां आला, ही गोष्टही तेथेंच लिहिलेली आहे. वेमन यांच्या कवितेंतील वर्गाला मात्र दुसरा आठवडा नाहीं; तो पांगावयास निघाला आहे. (कवीचें टॉम हें नांव थोमाचेंच इंग्रजी लघुरूप आहे. हा केवळ योगायोग; त्यांतून कांहीं अर्थ काढूं नये.)

पांचवा भाग सर्वांत लहान आहे. पुन्हां 'कांहींच नाहीं', आणि पाठोपाठ एक प्रश्न : तुम्ही हजर नसतां महत्त्वाचें असें कांहीं घडेल तरी कसें? बाण येथें नेमका लागतो. आपण जेथें नसतों तेथें जगाचें काम थांबलेलें असतें, असा समज लहान मुलाचा असतो; मोठेपणीं तो जातो असें आपण म्हणतों, पण सगळा जात नाहीं. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीला जग दिसेनासें झालें म्हणून जग कांहीं नाहींसें होत नाहीं. मागील चार भागांतील सर्व थट्टेच्या मुळाशीं जी गोष्ट होती, ती कवीनें येथें थोडक्यांत काढून समोर ठेवली आहे.

आणि मग सहावा भाग. उत्तर पुन्हां 'सर्व कांहीं' असेंच आहे. पण आतां आवाज बदलला आहे, उपरोध गळून पडला आहे, आणि शिक्षक सरळ बोलूं लागले आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, या वर्गाच्या खोलींत मनुष्याच्या अनुभवाचें एक लहानसें विश्व एकत्र आणलें होतें. त्याला प्रश्न विचारावे, तें पारखावें, त्यावर विचार करावा, म्हणून तें तुमच्यासाठीं मांडलें होतें. अशी संधि केवळ येथेंच मिळते असें नाहीं, हेंही ते प्रांजळपणें कबूल करतात. पण ती मिळण्याचें हें एक ठिकाण होतें. एवढें सांगून, तुम्ही त्या ठिकाणीं नव्हतां, या अर्थाच्या अगदीं साध्या वाक्यानें कविता संपते. दोष नाहीं, शिक्षा नाहीं, उपदेशही नाहीं. क्रियापद भूतकाळीं आहे, एवढेंच. कालचा वर्ग होता. आजचा वर्ग त्याच खोलींत, त्याच मुलांचा, त्याच शिक्षकांचा असला तरी तो कालचा नव्हे.

हें 'लहानसें विश्व' म्हणजे काय, असें मुलें विचारतील. गेल्या पावसाळ्यांतला एक तास सांगतों. नववीच्या वर्गांत पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवावयाचा होता. मीं फळ्यावर सह्याद्रि काढला, समुद्राकडून येणारे बाण काढले, वाताभिमुख आणि वातविन्मुख अशीं दोन्ही बाजूंचीं नांवें लिहिलीं, आणि आंकडे सांगितले : महाबळेश्वरीं वर्षाकांठीं साडेपांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून तीस-बत्तीस किलोमीटर घाट उतरून वाईस आलें कीं तो हजाराच्याही खालीं येतो. मुलांनीं मुकाट्यानें उतरून घेतलें. तेवढ्यांत मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. तिचें आजोळ महाबळेश्वराजवळ आणि मावशी वाईची. ती म्हणाली, "सर, आजोळी श्रावणात कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवतात, आणि दोन दिवस त्यांचा धुराचा वास जात नाही. त्याच दिवशी मावशीकडे वळणीवरचं लुगडं दुपारपर्यंत वाळतं." वर्ग हंसला. मग माण तालुक्यांतला एक मुलगा, जो एरवीं तोंड उघडत नाहीं, तो म्हणाला, "आमच्याकडे ढग नुसते वरून जातात, सर. आजी त्यांना हात जोडते." आतां कोणी हंसलें नाहीं. एका जिल्ह्यांतलीं तीन गांवें एका ओळींत उभीं राहिलीं, आणि फळ्यावरचे माझे बाण एकाएकीं खरे झाले. त्या तासाला जो मुलगा नव्हता त्यानें दुसऱ्या दिवशीं मित्राच्या वहीवरून व्याख्या आणि आंकडे उतरून घेतले. हल्लीं तर उतरण्याचेही कष्ट नकोत. वहीचें छायाचित्र मोबाईलवर येतें. त्याच्या वहींत एकही चूक नव्हती. धुराचा वास मात्र तींत नव्हता, आणि हात जोडणारी आजीही नव्हती.

येथवर मी कवितेच्या बाजूनें बोललों. पण तिच्याविरुद्ध एक आक्षेप घेतां येईल, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. सबंध कवितेंत शिक्षक एक प्रश्न कोठेंही विचारीत नाहींत : तुम्ही कां आलां नाहीं? वेमन यांचे विद्यार्थी महाविद्यालयांतील प्रौढ तरुण आहेत; त्यांना न येण्याचें स्वातंत्र्य आहे, म्हणून ती थट्टा त्यांना पेलते. आमच्या वर्गांतील मुलाचें येणें न येणें त्याच्या एकट्याच्या हातीं नसतें. ताप असतो, लावणी असते, धाकटें भावंड सांभाळावयाचें असतें, एस. टी.च्या पासाला पैसे नसतात. 'बुडाली' आणि 'बुडवली' यांतील निवाडा कवितेच्या उपरोधानें होत नाहीं.

हें मी पुस्तकावरून सांगत नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत नवा शिक्षक होतों, तेव्हां आठ दिवसांनीं वर्गांत आलेल्या एका मुलानें मला हाच प्रश्न विचारला. बीजगणितांतील अवयव पाडण्याचा भाग मीं त्या आठवड्यांत फार मेहनतीनें शिकवला होता, आणि त्याचा मला अभिमान होता. मी म्हणालों, "छे रे, तुझ्यावांचून आमचं थोडंच कांही चालतं!" सगळा वर्ग खदखदून हंसला. तोही हंसला. पुढें तो आणखी पुष्कळ वेळां गैरहजर राहिला, पण तो प्रश्न त्यानें मला पुन्हां कधींच विचारला नाहीं. यावें, शेवटच्या बाकावर बसावें, जावें, असा त्याचा क्रम झाला. वार्षिक परीक्षेच्या त्याच्या उत्तरपत्रिकेंत अवयवांचीं सर्व उदाहरणें कोरीं होतीं. त्याची आई दवाखान्यांत होती आणि घरीं दोन लहान भावंडांचें जेवणखाण तोच पाहत होता, हें मला परीक्षेनंतर कळलें.

वेमन यांची कविता माझ्या वाचनांत आली ती यानंतर पुष्कळ वर्षांनीं. तेव्हांपासून तिच्याविषयीं माझें एक मत बनलें आहे. इतर वाचकांस तें पटेलच असें नाहीं. हे सहा भाग शिक्षकांनीं विद्यार्थ्याच्या तोंडावर बोललेलेच नाहींत. प्रत्यक्षांत बोलले असते तर दुसऱ्या भागापाशीं तो बिचारा घाबरून निघून गेला असता आणि सहावा भाग ऐकावयास कोणी उरलें नसतें. कविता संपते तेव्हां ऐकणारा कोठें आहे याचा पत्ताच लागत नाहीं. तो आरंभीं प्रश्न विचारतो आणि मग त्याचा एकही शब्द नाहीं. तेव्हां हें सर्व बोलणें शिक्षकाच्या मनांतलें आहे. वर्ग सुटल्यावर घरीं जातांना तो स्वतःशीं सहा वेळां उत्तर देऊन पाहतो, पांच वेळां रागानें, आणि सहाव्या वेळीं राग निवतो. असें वाचलें म्हणजे उपरोध विद्यार्थ्याला लागत नाहीं, आणि शेवटचें वाक्य अधिक खोल जातें. माझी चूक अशी कीं, मीं पहिलेंच उत्तर मोठ्यानें बोलून टाकलें.

पालकांसाठीं एक गोष्ट सांगावयाची आहे. कारखान्यांत एक दिवस खाडा झाला कीं किती बुडालें हें मजुराला विचारावें लागत नाहीं. पगाराच्या दिवशीं तो आंकडा हातांत पडतो. कारखान्यांत काम केलेल्या वेमन यांना हें चांगलें ठाऊक होतें. शाळेच्या खाड्याला आंकडा नाहीं, म्हणून तर मुलाला विचारावें लागतें. आपल्याकडे एका राज्यकर्त्यानें हा आंकडा घालून पाहिला होता. करवीरचे शाहू छत्रपति यांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तेव्हां मुलाला शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळीं शेतमजुराच्या घरांत रुपया ही लहान रक्कम नव्हती. दंड मुलाला नव्हता, पालकाला होता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. माझी मागणी रुपयाची नाहीं. मुलगा घरीं राहिला तर चिठ्ठींत 'कांहीं घरगुती कारणामुळें' हे ठराविक शब्द लिहिण्याऐवजीं खरें कारण लिहावें, एवढीच आहे. त्या एका ओळीनें मागें सांगितलेल्या मुलाचें वर्ष वांचलें असतें.

कवितेंत न सांगितलेली एक गोष्ट आतां मी करूं लागलों आहें. कोणी विचारलें, "सर, काल कांहीं झालं का?" तर मी स्वतः उत्तर देत नाहीं, हजर असलेल्यांपैकीं कोणाला तरी उभें करतों आणि काल काय झालें तें त्याला सांगावयास लावतों. पर्जन्यछायेच्या त्या तासानंतर गैरहजर मुलानें विचारलें तेव्हां मीं मागच्या बाकावरील त्या मुलीला उठवलें. ती म्हणाली, "सर, ती मजा आता नाही येणार." मी म्हणालों, "न येऊं दे. सांग." तिनें थोडें आढेवेढे घेतले. मग त्याच्याकडे वळून, चुलीवरच्या दोरीपासून तिनें पुन्हां सुरुवात केली. आणि या खेपेस त्या दोरीवर वाळत घातलेला तिच्या आजोबांचा एकुलता एक कोटही होता, जो आदल्या दिवशीं ती सांगावयाची विसरली होती.